पहिल्या कापाचं बोट

वडील गेले आणि बुटांचा कारखाना धाकट्या लेकीच्या गळ्यात पडला. सगळे तिला ताई म्हणू लागले, अगदी लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरवणारे मास्तरसुद्धा. मास्तर म्हणजे कातडं कापणारे. बत्तीस वर्षं सुरी त्यांच्याच हातात.

वडिलांची एक रीत होती. रोज सकाळी मास्तर पहिलं कातडं टेबलावर पसरायचे आणि सुरी जिथून चालवायची तिथे मालक बोट ठेवायचे. मग हुज्जत. "डोळे फुटले का, मालक? इथे डाग आहे!" "मग तू ठेव बोट, दीडशहाण्या!" दोघांचं जमलं की मगच पहिला काप.

ताई तीन दिवसांच्या शिबिराला गेली आणि डोक्यात प्राचीन चीनचे ज्ञानी घेऊन परतली. चांगला राजा असून नसल्यासारखा असतो, तो ढवळाढवळ करत नाही, कामं आपसूक होतात, असं तिथे शिकवलं होतं. विचारात खोट नव्हती. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे नऊ महिने चालले.

"मास्तर, माझं बोट कशाला हवं तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ती पूर्व."

आठवडाभर मास्तर पसरलेल्या कातड्यापाशी ताटकळले, मग एकटेच कापू लागले. माल वेळेवर जात होता. केबिनमध्ये बसून ताई स्वतःवरच खूश होती.

नवव्या महिन्यात मास्तरांनी राजीनामा पाठवला. ती धावत कापणीच्या खोलीत गेली. मास्तरांनी कपाट उघडलं. आत वाकडीतिकडी कापलेली सात कातडी गुंडाळून ठेवली होती.

"हात थरथरतो," ते म्हणाले. "मालक होते तेव्हा चुकलं तर दोघांचं चुकायचं. आता चुकतं ते माझ्या एकट्याचं."

"मला सांगायचंत ना, मास्तर!"

"दोनदा आलो होतो केबिनमध्ये. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे." ते ओशाळं हसले. "मग कोणत्या तोंडाने सांगणार?"

ताईला रडू आवरेना. थांबा म्हणावं, तर काम सुरीचं. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी तो थरथरतच राहिला.