हसत उतरलेली बाई

तिसगावच्या अलीकडं एका गावात माउलीची विहीर आहे. दर चैत्रात तिच्या काठावर गाव जमायचं आणि रखमाजी पाटील हकिकत सांगायचे. किती खणलं तरी पाणी लागेना, तेव्हा महारवाड्यातली एक लेकुरवाळी सून गावासाठी हसत हसत खाली उतरली. माउलीनं जीव दिला, आणि पाणी उसळलं! हकिकत संपली की तिच्या घराण्यातल्या बाईला खण-नारळाचा मान. मान तिला, पण विहिरीला हात लावायचा नाही. हंडा लांब ठेवायचा आणि कुणी वरून पाणी वाढेपर्यंत उन्हात ताटकळायचं. वा रे मान!

मान सांगावा जना, अपमान सांगावा मना. त्या घराण्यातल्या कडूबाईनं हे जन्मभर पाळलं. चारचौघांत पदर पसरून तिनं नारळ घेतला. खरं काय ते मात्र घरात, भाकऱ्या थापताना, सुनेला सांगून ठेवलं.

त्र्याहत्तरच्या चैत्रात कडूबाई हयात नव्हती. मान सुनेवर, छबूबाईवर आला. वस्ती केव्हाच बौद्ध झाली होती, जुनी कामं सोडली होती. हा नारळ तेवढा चिकटून राहिला, कारण पाणी गावाच्या हातात होतं. त्यात दुष्काळानं विहीर तळाला गेलेली. मान चुकला तर आहे तेही आटेल, असा सगळ्यांना धाक.

छबूबाईला रात्रभर झोप नव्हती. नारळ घेतला, की सासूचं बोलणं कायमचं पुरलं. मग आपली लेकही तीच हसरी माउली खरी मानून मोठी होणार.

रखमाजींनी हकिकत संपवली. "घे, छबू."

"न्हाई घेत, अण्णा."

"का गं?"

"ती हसत उतरली न्हवती. तिला गाळ काढायला म्हणून उतरवली. पानी लागलं तशी ती वरडाय लागली, आन् वरनं दोर वढून घेतला. धुरपा नाव हुतं तिचं. तुमच्या हकिकतीत तिला नावबी न्हाई."



"पुरावा काय याला?" रखमाजी कडाडले.

"तुमच्याकडं तरी काय हाय? तुमच्या आज्यानं सांगितलं ते तुमी सांगता. माझ्या सासूनं सांगितलं ते मी सांगते."

"आन् उद्या पानी कोन वाढंल तुला?"

संतापानं छबूबाईचा आवाज चढला. "नका वाढू! नदीत झिरा खांदीन. पर बुडवलेल्या बाईला हसवायला मी येनार न्हाई."

रखमाजींनी तिच्याकडं पाठ केली. मुंडासं सारखं करून त्यांनी हकिकत पुन्हा पहिल्यापासून धरली. "तर मंडळी, ती माउली हसत हसत..."

बायकांच्या घोळक्यात त्यांची स्वतःची सून बसली होती, मुक्ताबाई. डोक्यावरचा पदर तिनं ढळू दिला नाही. पण सगळ्या गावाला ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

"आन् दोर कुनी वढला, मामंजी?"