इद्रीसच्या सदऱ्यावरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आता माझा रंग हिरवट झाला आहे, आणि अंगावरचा आकडा बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही. पण एके काळी मी अकोल्याच्या एका जीनमध्ये रोज सकाळी कामगाराच्या छातीवर झळकत असे. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. फाटकावर बिल्ला दाखवला की माणूस कामावर लागला, त्याची मजुरी पक्की झाली. ज्याच्याकडे बिल्ला नाही, तो बाहेरचा.

तांबटाने मला घडवले आणि मी डोमाजीच्या वाट्याला आलो. डोमाजी नांदगाव खंडेश्वरकडचा. त्याच्या बापाने जन्मभर गावाची वेठ केली होती. हाक आली की जायचे, राबायचे आणि मजुरी मागायची नाही. छप्पन साली डोमाजीने बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि गाव सोडले. दर रविवारी तो मला चिंच लावून घासायचा आणि म्हणायचा, "हा हाय तोवर मले कोणी फुकट राबवत नाही."

पुढे साठ सालानंतरच्या एका हंगामात सुदान देशाचा इद्रीस जीनमध्ये आला. तो इथल्या कॉलेजात शेती शिकत होता. त्याच्या देशातही कापूस पिकतो. जीनचे काम हाताने शिकल्याशिवाय त्याला पदवी मिळणार नव्हती. पण त्याला या देशात राहण्याची परवानगी शिकण्यापुरतीच होती, नोकरीची नव्हती. जीनचे मालक खुशालराव यांनी कॉलेजला शब्द दिला होता, "शिकवतो. नोकर ठेवत नाही."

खुशालराव मनाने वाईट नव्हते, पण हंगामात त्यांना मान वर करायला सवड नसे. मुकादमाने इद्रीसला कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली गाठोडी, उचलायला लावले, आणि तो महिनाभर तेच करत राहिला.

शनिवारी सगळे मजुरीच्या खिडकीशी गेले. इद्रीस दूर उभा राहिला.

"काहून रे, तुले मजुरी नाही?" डोमाजीने विचारले.

"मी शिकून राहिलो, काका."

रेच्यावर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, काम करणारी तानुबाई हसली. "शिकणाऱ्याच्या पाठीले घट्टे पडतेत का कुठं?"

डोमाजी हसला नाही. "ही वेठ हाय," तो म्हणाला. "माह्या बापानं केली. माह्या डोळ्यादेखत दुसऱ्याले करू देत नाही." त्याने मला काढले आणि इद्रीसच्या सदऱ्यावर टोचले. इद्रीसचे डोळे भरून आले. तो मला काढू शकला नाही.

मित्रांनो, ती माया होती, पण तिनेच त्याला संकटात टाकले. सोमवारी परदेशी माणसांची तपासणी करणारे एक पोलीस अधिकारी आले. त्यांची नजर सरळ माझ्यावर पडली.

"बिल्ला म्हणजे नोकरी. याला परत पाठवावं लागेल."

डोमाजी पुढे धावला. "साहेब, बिल्ला माहा हाय. म्याच लावला. पोरगा शिकणारा हाय."

अधिकारी इद्रीसकडे वळले. "शिकणारा ना? मग काय शिकलास?"

इद्रीस खोटे बोलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "बोंदरी उचलायले."

खुशालरावांचा चेहरा उतरला. दिलेला शब्द आपण पाळला नाही, हे त्यांना तिथेच कळले.

"आठ दिवसांनी येतो," अधिकारी म्हणाले. "शिकताना दिसला तर राहील. राबताना दिसला तर जाईल."

आपला बिल्ला दुसऱ्याला देणाऱ्याचे आठ दिवस काम बंद, असा जीनचा नियम होता. मुकादमाने मला घेऊन कचेरीतल्या खिळ्यावर टांगले. तिथून मला सगळे रेचे दिसत. दुसऱ्या दिवशी डोमाजी फाटकावर आला, बिल्ल्याविना. खुशालरावांनीच त्याला आत घेतले. त्याने इद्रीसला रेच्यापाशी बसवले, कातडी रूळ उघडून दाखवला, पाते लावायला शिकवले. चुकले की ओरडायचा, "पाहून राहिला का झोपून राहिला?"

तानुबाईने टोमणा मारलाच. "डोमाजीभाऊ, बिनमजुरीचे आठ दिवस! ही वेठ नाही का आता?"

"वेठ दुसरा लावते, बाई," रुळावरची रुई झटकत डोमाजी म्हणाला. "हे मी मनानं घेतलं."

अधिकारी आले तेव्हा इद्रीसने बंद पडलेला रेचा स्वतः उघडला, रूळ नीट बसवला आणि चालू केला. त्याची परवानगी राहिली. हंगाम संपल्यावर परीक्षा देऊन तो आपल्या देशी गेला. पण त्याआधी, डोमाजीचे आठ दिवस भरले त्याच दिवशी, खुशालरावांच्या कचेरीत येऊन त्याने चिंचेने मला घासले होते, आणि डोमाजीच्या सदऱ्यावर स्वतःच्या हाताने लावले होते.

आज डोमाजी नाही. जीनही बंद पडली. मी त्याच्या नातवाच्या घरी खिळ्यावर आहे. मित्रांनो, मला कधीतरी चिंच लावा, इतकेच माझे मागणे आहे. आणि उद्या तुमच्या दारी कोणी दूरदेशीचा मुलगा काम शिकायला आला, तर त्याला काही देण्याआधी त्याच्यावर कोणते बंधन आहे ते विचारा. मजुरी देता येत नसेल, तर विद्या देताना हात आखडू नका. नाहीतर तुमच्याही अंगणात वेठ सुरू होईल, आणि ती ओळखायला आता डोमाजी नाही.