शेवटचे बारा फर्मे

सकाळपासून ओटिलियाचा पाय एका जागी ठरत नव्हता. वडिलांची पेटी तिने दोनदा भरली, दोनदा उपसली. होडी दुपारी सुटणार होती.

१५२९ च्या फेब्रुवारीत नव्या पंथाच्या लोकांनी बाझेलच्या चर्चमधल्या मूर्ती फोडून जाळल्या, मिस्सा ही जुनी उपासना बंद झाली आणि एप्रिल उजाडेपर्यंत जुन्या कॅथलिक धर्माच्या कित्येक प्राध्यापकांनी फ्रायबुर्गची वाट धरली. आज तिच्या वडिलांची, ग्रीक शिकवणाऱ्या डॉक्टर हार्टमुटांची पाळी होती. पण त्यांचा ग्रंथ, एका प्राचीन धर्माचार्याची त्यांनी संपादलेली ग्रीक प्रवचनं, अजून छापखान्यात अडकला होता; त्याचे शेवटचे फर्मे, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचे ताव, तपासायचे राहिले होते. छापखाना जावयाचा, आणि जावई, म्हणजे ओटिलियाचा नवरा लेओनहार्ड, नव्या पंथाचा. दोघांत हल्ली ग्रंथाखेरीज बोलणं उरलं नव्हतं.

"बारा फर्मे राहिलेत," छापखान्यात येऊन डॉक्टर उभ्यानेच म्हणाले. "फ्रायबुर्गला पाठव. तपासून परत धाडतो."

"जायला दोन दिवस, यायला दोन. तोवर जुळवलेले शिशाचे खिळे अडकणार, माणसं बसून राहणार," लेओनहार्ड म्हणाला. "आहे तसं छापतो."

"चुकांसकट? वा, जावईबापू. मूर्ती फोडून झाल्या, आता व्याकरण."

"मूर्ती मी फोडल्या नाहीत. इतकी काळजी आहे तर थांबा ना."

"मिस्सेशिवाय मरायला?"

"मी तपासते," ओटिलिया मध्येच म्हणाली.

लेओनहार्ड हसला. "ग्रीक आहे ते. बाजाराची यादी नव्हे."

"तीन वर्षं कोण तपासतंय? बाबा, सांगा ना यांना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला जवळचं अक्षर दिसत नाही, लेओनहार्ड. ही वाचते. आधी मी सांगायचो, ही खुणा करायची. हल्ली विचारतही नाही मला."

सासऱ्याच्या नजरेचं कौतुक लेओनहार्ड तीन वर्षं गावभर सांगत आला होता.

तो ओटिलियाकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर छापलं असतंत?"

दोरीवरचा तपासायचा ओला कागद काढून लेओनहार्डने तिच्यापुढे ठेवला.

नावाड्याची हाक आली तेव्हा तिचं बोट एका ओळीखाली होतं. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघाले. लेओनहार्डने त्यांची पेटी उचलली, ऱ्हाईनच्या काठापर्यंत नेली. ती उठली, खिडकीशी गेली, परत बसली. तीच ओळ तिने चार वेळा वाचली, तरी डोक्यात शिरेना. पाचव्यांदा चुकलेला स्वर दिसला.

जूनमध्ये ग्रंथ फ्रायबुर्गला गेला. महिन्याभराने वडिलांचं पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात: 'विद्यार्थ्याकडून वाचून घेतला. तीन चुका निघाल्या. जावयाला सांग, कागद उत्तम आहे.'

लेओनहार्डने पत्र दोनदा वाचलं. "कागद फ्रायबुर्गचाच आहे म्हणावं," एवढंच बोलला, पण दिवसभर खुशीत होता.

ओटिलिया मात्र त्या तीन चुकांमागे लागली. जेवणही विसरली. दोन वडिलांच्याच हस्तलिखितातल्या निघाल्या. तिसरी तिची होती, अगदी सोपी. तिने दौत ओढली आणि वडिलांना आधी त्यांच्या त्या दोन चुकांबद्दल लिहायला घेतलं.