तांब्याच्या दुकानाचा मेनू

मित्रांनो, मी एक जुना मेनू आहे. माझ्यात इडली-डोसा शोधू नका. मी वेबसाइटच्या डाव्या कडेला उभा असतो आणि आत आलेल्याला कुठे काय आहे ते सांगतो. माझ्यातले नाव दाबले की त्याचे पान उघडते.

माझा जन्म २००३ सालच्या गणपतीतला. कसबा पेठेतले सीताराम तांबट बंब, घंगाळे, हंडे, कळश्या हातोडीने ठोकून घडवत. घरोघर गिझर आले आणि बंबाला कोणी विचारीना. एक मोबाइलवाला गाळा भाड्याने मागू लागला. सीतारामांनी मुलीला, हेमाला, सांगून टाकले की दसऱ्यापर्यंत तुझ्या वेबसाइटवरून एक जरी मागणी आली तर भट्टी चालू ठेवीन, नाहीतर गाळा त्याला देईन.

हेमाने मला बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर घडवले. तेव्हा सगळ्या संगणकांवर मराठी अक्षरे दिसत नसत, म्हणून माझे एकेक नाव तिने चित्रासारखे काढले, तांब्याच्या रंगाचे. मी पहिल्यांदा पडद्यावर उजळलो तेव्हा ती खुर्चीतून उठून उभीच राहिली!

नावे वडिलांनी सांगितली होती: 'एक किलोपर्यंत', 'एक ते तीन किलो', 'तीन ते सात किलो', 'सात किलोच्या वर'. तांबे वजनावर विकतात. दुकानातल्या फळ्याही तशाच लावलेल्या. बापलेकींना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मला तर माझा थाटच वाटला.

महिनाभरात एकशे बारा जण आले. पहिले पान पाहून सगळे परत गेले. सीताराम म्हणाले की नुसते बघून जाणारे आपल्याला दारातही मिळतात, त्यासाठी वीज जाळायला नको.

दसऱ्याला सहा दिवस उरले असताना फोन वाजला. धायरीहून कादंबरीबाई बोलत होत्या, निवृत्त शिक्षिका.

"अहो, आपली वेबसाइट भांड्यांची आहे की भंगाराची? सगळं किलोवर लावलंय."

नातवाला अंघोळ घालायला त्यांना घंगाळ हवे होते. ते किती किलोचे असते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? हेमा घाईघाईने फोनवरच सांगू लागली, पण बाईंनी तिला थांबवले. फोनवरच घ्यायचे तर वेबसाइट काढलीत कशाला, असे विचारून त्यांनी फोन ठेवला.

हेमा तशीच वडिलांकडे गेली. ते ठोकायचे थांबले नाहीत.

"वजन सांगितल्याशिवाय तांबं विकता येतं होय?"

"बाबा, दुकानात माणूस भांडं उचलून बघतो. तिथे काय उचलणार?"

हातोडी थांबली. सीतारामांनी दाराकडे पाहिले. मग स्वतःच आठवू लागले, की गिऱ्हाईक दारात उभे राहून म्हणते, पाणी तापवायला काही आहे का? नवीन सुनेला द्यायला काही दाखवा. ते बोलत होते आणि हेमा वहीत उतरवत होती. संध्याकाळपर्यंत माझी जुनी नावे गेली. मी झालो 'पाणी तापवायला', 'पाणी भरून ठेवायला', 'अंघोळीला', 'देवघरात', 'लग्नात द्यायला'. वजने आतल्या पानांवर, ज्या त्या भांड्याखाली गेली. दुसऱ्याच दिवशी तिघांनी मला दाबले. मित्रांनो, तो पहिला स्पर्श मी काय वर्णावा! हेमाने बाईंनाही फोन करून एकदा बघा म्हणून विनवले. बघते, एवढेच त्या म्हणाल्या.

चार दिवस मागणी काही आली नाही. खंडेनवमीच्या सकाळी हातोड्या, पक्कडी धुऊन पाटावर मांडल्या, फुले वाहिली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवाला येणार होता. मोडेम कुरकुरला, ईमेल उतरली, आणि हेमाने ती मोठ्याने वाचली.

"'अंघोळीला' या नावाखाली घंगाळ लगेच सापडले. तीन आहेत, त्यांतले कोणते ते आपण ठरवा. वजनातले मला कळत नाही. बाळ पाच किलोचे आहे, ते त्यात नीट मावले पाहिजे. कादंबरी."

सीताराम आधी हसले. मग हातोडीकडे हात नेला आणि मागे घेतला. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नसतो. त्यांनी हेमाकडून खडू मागून घेतला, जमिनीवर नव्या घंगाळाच्या तोंडाएवढा एक गोल काढला, पुसला, थोडा मोठा काढला.

"बाळ दिवाळीपर्यंत वाढेल की," ते म्हणाले. "आणि त्या मोबाइलवाल्याला सांग, दुसरा गाळा बघा."

आता मी म्हातारा झालो आहे. फोनच्या पडद्यावर मला तीन रेघांमागे घडी घालून ठेवतात. हेमा मात्र दर खंडेनवमीला माझे एकेक नाव दाबून बघते, कुठले पान उघडत नसेल तर दुरुस्त करते. मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारखा कोणी घडवलात तर त्याला असेच जपा. त्याला नावे ठेवण्याआधी एक दिवस दारात उभे राहा, आणि येणारा काय मागतो ते ऐका.