शेवटचं इंद्रिय

दर गुरुवारी संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सामान्यज्ञानाची स्पर्धा भरायची. ती भरवायचे एक दंतवैद्य. दिवसभर समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्यानेच बोलायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. निदान आठवड्यातून एकदा तरी उत्तर देऊ शकणारी माणसं समोर असावीत, म्हणून हा उद्योग सुरू केला, असं ते सांगायचे. बक्षीस असं काही नव्हतं. जिंकलेल्या संघाचं नाव खडूने फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत पुसायचं नाही, एवढाच मान. तरीही लोक हिरिरीने यायचे आणि अर्ध्या गुणावरून हमरीतुमरीवर यायचे.

त्यातल्या एका संघाचं नाव होतं ‘पंपघर’. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात आयुष्य काढलेल्या एका मेकॅनिकने आपल्या दोन मुलांना घेऊन तो काढला होता. थोरला जहाजावर इंजिनिअर होता. तो समुद्रावर असला की त्याच्या खुर्चीत त्याची बायको बसायची. धाकटी कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानात होती. गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत बसवून ऐकणं तपासायचं, कानाचा साचा घ्यायचा, मशीन बसवायचं आणि मग पाठमोरं उभं राहून विचारायचं, “आता येतोय का आवाज?” हे तिचं रोजचं काम. गिऱ्हाइकाच्या घरचे लोक पुष्कळदा तिला डोळ्यांनी खुणावायचे, की जरा बरं सांगा. ती कधी सांगायची नाही. जेवढं ऐकू येतं तेवढंच सांगायची. त्यामुळे दुकानात तिचा दरारा होता आणि विक्री बेताचीच.

मेकॅनिक आजारी पडले तेव्हा थोरला समुद्रावर होता. आजार वाढला, बोलणं बंद झालं, आणि मग ते इस्पितळात नुसते पडून राहिले. थोरल्याला मधल्या कुठल्या तरी बंदरात उतरून विमानाने यायचं होतं, पण जहाज बंदराला लागेपर्यंत इलाज नव्हता. अशात एका दुपारी धाकटीने जहाजावर फोन लावून घेतला. मी फोन बाबांच्या कानाला लावते, तू बोल, एवढंच तिने दादाला सांगितलं. तो बोलला. बराच वेळ बोलला. संध्याकाळी बाबा गेले.

थोरला पोहोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. चार दिवसांनी तो इस्पितळात राहिलेली कागदपत्रं आणायला गेला आणि तिथल्या डॉक्टरांनी सहज सांगितलं, की शेवटचे दोन दिवस पेशंट कशालाच प्रतिसाद देत नव्हते. त्याने मनात हिशेब केला. घरी येऊन तो बहिणीला म्हणाला, “तू मला भिंतीशी बोलायला लावलंस.”

“वेळेवर आला असतास तर ती पाळी आली नसती,” ती म्हणाली.

दोघंही तापट नव्हते. म्हणूनच बहुधा पुढे भांडण झालंच नाही, अबोला झाला. थोरल्याने समुद्र सोडला आणि जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. आता तो कायमचा गावात होता, पण बहिणीच्या घराची पायरी चढत नव्हता, आणि तीही त्याच्याकडे फिरकत नव्हती. गुरुवार मात्र कुणी सोडला नाही. बाबांचा संघ आपल्यामुळे मोडला, असं लोकांनी म्हणू नये, असं दोघांनाही वाटत होतं. बाबांच्या खुर्चीत आता वहिनी बसायची. तिला सामान्यज्ञान बेताचं होतं पण अक्षर सुरेख होतं, म्हणून उत्तरं लिहायचं काम तिच्याकडे. भाऊबहीण एकमेकांशी बोलायचे ते उत्तरापुरतं. “हंगेरी.” “नाही, रुमानिया.” “बरं.” बाकी सगळं वहिनीमार्फत. उठताना ती दोघांकडे बघून “येतो आम्ही” म्हणायची, आणि ‘आम्ही’मध्ये कोण कोण धरायचं हे कुणी विचारत नसे.

अशी दोनेक वर्षं गेली. मग दंतवैद्यांनी जाहीर केलं की त्यांनी दवाखाना विकला आहे आणि ते दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला जाणार आहेत. पुढे ही स्पर्धा चालवायला कुणी तयार झालं नाही. शेवटच्या गुरुवारी त्यांनी सगळे प्रश्न शेवटांवरच काढले.

त्या संध्याकाळी खोली गच्च भरली होती. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. पहिला प्रश्न सोपा होता, ग्रीक वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. दुसरा अक्कलदाढेचा. तो येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो आल्यावर सगळे हसले. शेवटी येणारी आणि पुष्कळांना येतच नाही अशी, असं दंतवैद्य म्हणाले, आणि ज्यांना येते त्यांच्या वागण्यात आपल्याला तरी कधी फरक दिसला नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मग चंद्रावर उतरलेल्या शेवटच्या माणसांचं साल विचारलं, मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं शेवटचं नाव विचारलं. एकेकाळी थव्यांनी आकाश झाकून टाकणाऱ्या एका कबुतराच्या जातीतला शेवटचा पक्षी प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात मेला, तो कुठल्या देशात, असाही एक प्रश्न होता. थोरल्याला हे सगळं येत होतं. जहाजावरच्या रिकाम्या वेळात त्याने हाताला लागेल ते वाचून काढलेलं होतं. तो खालच्या आवाजात उत्तर सांगायचा आणि वहिनी लिहायची.

देवीच्या रोगाच्या प्रश्नावर पहिल्यांदा अडलं. नैसर्गिक लागण होऊन देवी आलेला जगातला शेवटचा रुग्ण काय काम करायचा, असा प्रश्न होता. थोरला लगेच म्हणाला, “फोटोग्राफर.”

“ते प्रयोगशाळेतल्या विषाणूमुळे,” धाकटी म्हणाली. “ते नंतरचं. प्रश्नात नैसर्गिक म्हटलंय.”

थोरल्याने तो शब्द ऐकलाच नव्हता. “मग स्वयंपाकी,” तो म्हणाला. “सोमालियातला. इस्पितळात स्वयंपाकी होता.”

वहिनीने स्वयंपाकी लिहिलं. उत्तर बरोबर निघालं. तो माणूस बरा झाला आणि पुढे पोलिओच्या लशीच्या प्रचारात राबला, अशी माहितीही दंतवैद्यांनी दिली. खोलीतल्या लोकांना ते आवडलं. शेवटचा म्हटल्यावर तो मेला असणार असंच सगळ्यांनी धरलं होतं.

शेवटून दुसरा प्रश्न दंतवैद्यांनी नेहमीच्याच आवाजात वाचला. माणूस जात असताना त्याचं कुठलं इंद्रिय सगळ्यात शेवटी थांबतं, असं मानलं जातं?

बाकीच्या टेबलांवर कुजबुज सुरू झाली. पंपघरच्या टेबलावर वहिनीने नुसतं पेन कागदावर टेकवून ठेवलं. थोरला समोरच्या फळ्याकडे बघत होता आणि धाकटी टेबलाच्या कडेकडे. तिला उत्तर माहीत होतं हे त्यालाही माहीत होतं, आणि ते आपण सांगायचं नाही हे तिने ठरवल्याचंही दिसत होतं.

“स्पर्श,” थोरला म्हणाला.

वहिनीने लिहिलं.

त्याने कागदाकडे पाहिलं. तिथे तिच्या सुरेख अक्षरात ‘कान’ लिहिलेलं होतं.

“मी स्पर्श म्हटलं,” तो म्हणाला.

“ऐकलं मी,” वहिनी म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

कागद गोळा झाले. दंतवैद्यांनी उत्तर सांगितलं, कान. मग त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी थोडं जास्तही सांगितलं. ही जुनी समजूत आहे. पण अलीकडे काही संशोधकांनी मरणाच्या दारातल्या, कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचा मेंदू यंत्रावर तपासला, तेव्हा काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होत होती, असं आढळलं.

थोरला हात वर करून उभा राहिला. उत्तरांवर हरकत घेण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. मागच्या टेबलावरून कुणीतरी सुस्कारा सोडला. पण त्याने हरकत घेतली नाही. ऐकू येतं म्हणजे समजतं का, असं त्याने विचारलं.

दंतवैद्यांनी चष्मा काढला. “ते कुणालाच ठाऊक नाही,” ते म्हणाले. “आवाज आत पोहोचतो, एवढं दिसलंय. तिथे तो ऐकायला कुणी असतं की नाही, हे यंत्राला कळत नाही.”

थोरला खाली बसला. शेवटचा प्रश्न सूर्याचं इंधन संपायला अजून साधारण किती वर्षं आहेत, असा होता. त्याला ते नक्की येत होतं, पण तो काही बोलला नाही. धाकटीने अंदाजाने पन्नास कोटी सांगितलं. उत्तर पाचशे कोटी होतं. त्या एका गुणाने ते हरले, आणि फळ्यावर विमा कचेरीतल्या लोकांचं नाव लागलं. त्यांनी आपापसात टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यांना सगळ्यांनी मिळून एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मुलीच्या घरी भिंती लहान आहेत, असं म्हणत त्यांनी ते घेतलं.

लोक पांगले. वाचनालयाच्या खालच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. थोरला तिथे बूट बांधायला म्हणून बसला आणि बसूनच राहिला. वहिनी त्याच्याशेजारी बसली. धाकटी नेहमीप्रमाणे पुढे निघून गेली असती, पण त्याने तिला हाक मारली. थोरल्याने तिला नावाने हाक मारल्याला फार दिवस झाले होते.

“त्या दिवशी नक्की काय झालं?” त्याने विचारलं. “मी बोलत होतो तेव्हा.”

धाकटी उभीच राहिली. “काही नाही झालं,” ती म्हणाली. “पापणी हलली नाही, बोट हललं नाही. श्वास होता तसाच चालू होता. मी नीट बघत होते, दादा. मला तेवढंच येतं.”

“मग फोन कशाला धरलास?”

“त्यांना ऐकू येत नाही, असं मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, म्हणून.”

वाचनालयाचा शिपाई आतल्या खिडक्या लावत होता, त्याचा आवाज येत होता.

“हात दुखून आला तेव्हा मी हात बदलला,” धाकटी म्हणाली. “तेवढं एक वाक्य त्यांच्या कानाबाहेर गेलं असेल. बाकी सगळं कानातच होतं.”

“मी काय बोललो ते ऐकलंस?”

“फोनचा आवाज मोठा होता. आम्ही दोघींनी ऐकलं.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती तिथे होती हे त्याला आज कळत होतं. ती ही दोन वर्षं त्याबद्दल काही बोलली नव्हती. कुणाच्या तरी बाजूने बोलावं लागलं असतं म्हणून बोलली नव्हती. पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, एवढं तिने आता सांगितलं.

खरी गोष्ट अशी होती की त्या फोनवर काय बोलावं हे थोरल्याला सुचलंच नव्हतं. तो इंजिनरूमच्या वरच्या मजल्यावर उभा होता, खालून धडधड येत होती, आणि त्याने बापाला त्या आठवड्यात बिघडलेल्या पंपाची हकीकत सांगितली होती. थंड पाण्याचा पंप, कुठून गळत होता, पाणी अडवणारं सील कसं झिजलं होतं, नवीन बसवताना काय अडचण आली. हे सगळं तपशीलवार सांगून तो थांबला होता आणि म्हणाला होता, “आता ठीक चाललाय.” मग फोन कट झाला होता. बाप मरायला टेकलेला असताना आपण सीलची गोष्ट सांगत बसलो, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांना ऐकू गेलं नसेल, या विचारात त्याला जेवढा राग होता तेवढाच आडोसाही होता. तो हे सगळं बाकावर बसून, बुटांकडे बघत, तुटक तुटक बोलला.

“दुसरं काय सांगणार होतास त्यांना?” धाकटीने विचारलं.

“मला तर वाटलं,” वहिनी म्हणाली, “आता उठून बसतील आणि विचारतील, नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळलेस ना?”

थोरल्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. मग त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. दोघी थांबल्या. धाकटीने त्याच्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. ती तशी बाई नव्हती. पण ती बाकावर बसली.

“भिंतीचं मी बोलायला नको होतं,” तो शेवटी म्हणाला.

“वेळेवर येण्याचं मीही,” ती म्हणाली. “जहाज काय तुझ्या हातात होतं?”

शिपायाने येऊन सांगितलं की आता फाटक लावायचं आहे. तिघं उठले. वहिनीने नणंदेला जेवायला चला म्हटलं, आणि धाकटीने आज नको, रविवारी येते, असं सांगितलं. रविवारी ती आली.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आता टायपिंग शिकवतात. गुरुवार मोकळे झाले आणि भाऊबहिणीला दर आठवड्याला भेटायचं कारण उरलं नाही. कधी महिना महिना भेट होत नाही. फोन असतो. थोरला सूर्याच्या प्रश्नाबद्दल तिला अजून ऐकवतो, आणि येत होतं तर तोंड का उघडलं नाहीस, असं ती विचारते.

बाबा राहत होते ती दोन खोल्यांची जागा ते गेल्यापासून कुलूपबंदच होती. एकाने दुसऱ्याला सोबत चल म्हणायचं कसं, यावर अडलेली. उन्हाळ्यात त्यांनी ती उघडली. दोन दिवस धूळ झटकणं, भांडी बांधणं, गाद्या बाहेर काढणं चाललं. हत्यारं थोरल्याने घेतली, रेडिओ धाकटीने. कपाट कुणी न्यायचं यावरून चांगलीच वादावादी झाली, कारण ते दोघांनाही नको होतं आणि टाकवतही नव्हतं. अखेर चार माणसं लावून ते वहिनीच्या स्वयंपाकघरात नेलं. दारातून आत जाईना, म्हणून त्याचे पाय कापावे लागले.