नव्या स्प्रिंगशेजारचा जुना डॅम्पर

“आता नवा आलाय ना, मग त्या जुन्याला काढून…” सोसायटीचे सेक्रेटरी एवढंच बोलले आणि लिफ्टचं दार बंद झालं. पुढचं वाक्य त्यांच्याबरोबर वर गेलं.

जुना म्हणजे मी. या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधे तिरका बसवलेला डॅम्पर. कान टवकारून ऐकायची सवय मला पहिल्यापासूनची. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण कोणाची गाडी ओरखडून गुपचूप निघून गेलं, सगळं मला ठाऊक असतं. दिवसभर जागचं हलायचं नाही, तर माझ्यासारख्यानं दुसरं करायचं तरी काय?

माझी घडण साधी आहे. पोलादी नळकांडं, आत दाट तेल आणि त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं आहेत. जमीन हादरून इमारत हलायला लागली की तेलाला त्या भोकांतून निघताना धडपडावं लागतं. त्या धडपडीत हलण्याचा जोर जिरतो आणि मी तापतो. कारखान्यात मला यंत्रावर चढवून भरपूर हलवून पाहिलं होतं. मग इथे आणून बसवलं आणि लोक विसरून गेले. कोणी माझ्यावर ओली छत्री अडकवली, कोणी सायकल साखळीनं बांधली.

विसरल्या नाहीत त्या फक्त शिंपीणबाई. माझ्या डोक्यावरच, पहिल्या मजल्यावर त्या सासूबाईंबरोबर राहतात. सासूबाईंना चालता येत नाही, त्यामुळे हादरा बसला तर धावत खाली यायची सोय नाही. म्हणून रोज सकाळी बाई उरलेल्या कापडाचं फडकं घेऊन यायच्या, माझी धूळ पुसायच्या आणि म्हणायच्या, “आमच्या म्हातारीला सांभाळ रे बाबा.”

मग माझ्या शेजारी तो नवा आला. जाडजूड स्प्रिंग दाबून कोंबलेली, भोवती लोखंडी चौकट, त्यावर पारदर्शक झाकण आणि समोर कठडा. त्याच्या स्वागताला पार्किंग रंगवलं. त्या भरात रंगाऱ्यानं दट्ट्याबरोबर आत-बाहेर सरकणाऱ्या माझ्या चकचकीत दांड्यावरही रंग फासला. लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. आणि शिंपीणबाईंनी, माझ्या डोळ्यांदेखत, कोरं फडकं आधी त्याच्यावर फिरवलं. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा ते मळलेलं होतं.

त्याचं काम ऐकून तर माझं तेलच उकळलं. त्याला बसवायला आलेल्या इंजिनिअरबाई सांगत होत्या, इमारत डावीकडे गेली की हा तिला आणखी डावीकडे ढकलतो. म्हणजे मी जन्मभर आवरायचं आणि यानं ढकलायचं. आगीत तेल ओतायला माणूस ठेवावा आणि वर त्यालाच पगारवाढ द्यावी, तसला प्रकार. म्हटलं, येऊ दे एकदा भूकंप. कळेल सगळ्यांना.

एके दिवशी भर दुपारी भूकंप आलाच. वर शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. इमारत डावीकडे गेली आणि शेजाऱ्यानं तिला खरंच पुढे रेटलं. त्याची फजिती बघायला मी टपलेलाच होतो. पण वर म्हातारी होती, आणि तेलाला काही रुसता येत नाही. मी सगळा जोर लावून धरलं. वाळलेल्या रंगाच्या पापुद्र्यांनी माझं रबरी सील कापलं, तेल ठिबकायला लागलं, तरी धरलं. एक गोष्ट मात्र, सांगायची इच्छा नसताना सांगतो. मागे एकदा एवढाच हादरा बसला तेव्हा खांब कण्हले होते. या वेळी त्यांनी कुरकुरसुद्धा केली नाही.

सगळं शांत झाल्यावर बाई खाली आल्या. त्यांनी शेजाऱ्याला हात लावला. तो थंडगार. मग माझ्यावर तळहात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

“अगं बाई, हा तर तापलाय.”

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरबाईंनी मला तपासलं. म्हणाल्या, “नवा इमारतीला सैल सोडतो, म्हणून धक्क्याचा जोर वर पोचत नाही. पण सैल सोडली की ती जास्त झुलणार. ते झुलणं हा जुना आवरतो. दोघंही लागतात.”

“म्हणजे लेंग्यासारखंच की,” शिंपीणबाई म्हणाल्या. “ढगळ शिवला तर उसवत नाही, पण नाडी नसली तर अब्रू गेली.”

“तसंच म्हणा.”

“मग ही नाडी काढणार म्हणतात, ते खरं का?”

“काढणार. सील बदलून परत बसवणार. तोवर इथे दुसरा लावतो.”

सेक्रेटरी शेजारीच उभे होते. “मी भंगारवाल्याशी बोललो होतो,” ते पुटपुटले. “आता नको म्हणून सांगतो.”

एवढ्या वर्षांची नोकरी, आणि मी नाडी. असो.

तर मला काढलं, एवढं खरं ठरलं. नवं सील घालून परत आणलं, याच जागी. माझी विनंती एवढीच, छत्र्या दुसरीकडे अडकवा आणि माझ्या दांड्याला रंग लावू नका. कोरं फडकं अजून आधी त्याच्यावरच फिरतं, आणि माझा जीव अजून जळतो. पण जाताना शिंपीणबाई माझ्यावर तळहात ठेवून बघतात, तापलाय का म्हणून.

बाई, फडकं फिरवा हवं तर. तो हात मात्र त्याच्यावर ठेवू नका.