हौद्यात अडकलेला बटाटा

मित्रांनो, मी पिकअप ट्रक आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, कारण माझ्या डाव्या दारातून गवत उगवलं आहे. मूळचा रंग हिरवा. जिथे गंज नाही तिथे तो अजून हिरवाच आहे, म्हणजे आरशामागे बोटभर.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या एक मिनिट आधी एक ट्रक जन्मला, एक मिनिट नंतर दुसरा. त्यामुळे माझ्या जन्माचं कुणी पेढे वाटून कौतुक केलं नाही. पुढे अमेरिकेत, मोंटानातल्या एका गावात डेलबर्ट हॉगन यांनी मला घेतलं. ते टेलिफोनचे खांब रोवायचे. मी दहा वर्षं तारा आणि खांब वाहिले. बर्फात अडकलेल्या गाईसुद्धा ओढून काढल्या, आणि एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. डेलबर्ट मात्र माझ्या बॉनेटवर थाप मारून सगळ्यांना सांगायचे, "ह्याला काही होत नाही."

माझ्या सगळ्या दुःखांचं मूळ ह्या वाक्यात आहे. ज्याला काही होत नाही, त्याच्याकडे कोण बघतं?

डेलबर्ट निवृत्त झाले आणि त्यांनी एक छोटा ट्रेलर आणला. तेरा फुटांचा, गोल, पांढरा. आत एक पलंग, एक टेबल, एक शेगडी. सगळे त्याला 'अंडं' म्हणत. उन्हाळा आला की अंडं माझ्या मागच्या हुकाच्या गोळ्यावर चढायचं आणि आम्ही निघायचो.

अंडं जोडायचं म्हणजे मला नेमकं मागे घ्यावं लागे. ते काम डेलबर्टच्या पत्नी मार्लिसबाई करायच्या. त्या मागे उभ्या राहून हात हलवायच्या, आणि डेलबर्ट सीटवर पूर्ण मागे वळून त्यांच्याकडे बघायचे.

"ये, ये, ये… डावीकडे घे!"

"घेतलं की!"

"तुझं डावं नाही रे बाबा, माझं डावं!"

"मग तोंड इकडे करून का उभी आहेस? पाठ कर, म्हणजे दोघांचं डावं एक होईल!"

"पाठ केली तर मला दिसणार काय, तुझं नशीब?"

आमच्याकडे नवराबायकोचं भांडण पाहायचं असेल तर कोर्टात जात नाहीत, ट्रेलर लावतात त्या तळावर जातात. शेजारचे लोक खुर्च्या आणि कॉफी घेऊन बसायचे. ह्या दोघांनी अठरा वर्षांत एकदाही पहिल्या झटक्यात अंडं जोडलं नाही, आणि एकदाही ते दुसऱ्या कुणाला जोडू दिलं नाही.

मार्लिसबाईंना दगडांचा नाद होता. नदीकाठी अकीक सापडतात, बाहेरून मातकट आणि आत रंगांचे पट्टे. दर सहलीत त्या डझनभर वेचायच्या आणि अंड्याच्या मागच्या पलंगाखाली भरायच्या. ट्रेलरचं वजन चाकांच्या पुढे असावं लागतं. मागे गेलं की तो डोलायला लागतो आणि पुढच्यालाही डोलायला लावतो. मी उतारावर असा काही नाचायचो की समोरून येणारे हात जोडायचे.

"दगड पुढे ठेवूया," डेलबर्ट म्हणाले.

"पुढे आपण जेवतो."

"मग ट्रकमध्ये?"

"त्याच्या हौद्याची चाळण झालीय. गळून जातील सगळे."

हे खरं होतं. माझ्या हौद्याच्या तळाला एव्हाना इतकी भोकं होती की आत पाऊस साठत नसे. ह्याला डेलबर्ट माझा गुण समजत.

मग डेलबर्टनी एक युक्ती काढली. बाई झोपलेल्या पाहून ते प्रत्येक थांब्यावर चारपाच दगड गुपचूप टाकून द्यायचे. युक्ती उत्तम होती. फक्त पुढच्या वर्षी आम्ही त्याच थांब्यांवर थांबायचो, आणि मार्लिसबाई ओरडत यायच्या, "डेलबर्ट, बघ बघ! माझ्याकडे आहे ना, अगदी त्याचा जुळा सापडला!"

बटाट्यासारखा दिसणारा एक दगड होता. तो त्यांना पुढे तीन वेगवेगळ्या वर्षी पुन्हा सापडला. आपल्याकडे आता चार बटाटे आहेत असं त्या अभिमानाने सांगायच्या. पलंगाखाली एकच होता. डेलबर्ट स्टीअरिंगला कपाळ टेकवायचे. हॉर्न सत्त्याण्णव सालीच मेल्यामुळे तो वाजायचा नाही.

मग एका उन्हाळ्यात मार्लिसबाई हात हलवताना मध्येच थांबल्या. हातांकडे बघत राहिल्या. "मी काय करत होते?" त्यांनी विचारलं. शेजाऱ्यांनी आपापल्या खुर्च्या मिटल्या.

त्यानंतर सहली बंद झाल्या. बाईंना घाटापलीकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. त्यांची मुलगी कॉरीन तिकडे राहायची. अंड्यावर शेवाळ चढलं आणि मी अंगणात उभा राहिलो. डेलबर्ट रोज सकाळी तेवढ्यापुरतं मला घेऊन खाणावळीत जायचे. तिथे कॉफी पिणारे चार म्हातारे होते, त्यांना जगातलं सगळं ठाऊक होतं.

"गिअरबॉक्सचं तेल बदलावं म्हणतोय," डेलबर्ट एकदा म्हणाले.

"चुकूनही नको," एक जण म्हणाला. "जुन्या गिअरबॉक्सला जुनंच तेल लागतं. नवं सोसत नाही. माझ्या भावाने बदललं, आठ दिवसांत खलास."

"गिअरबॉक्स?"

"भाऊ."

मित्रांनो, मी खिडकीबाहेरून ऐकत होतो. सोसतं हो, सोसतं, असं मला ओरडायचं होतं. माझं तेल एव्हाना काळ्या काढ्यासारखं झालं होतं.

मार्चमध्ये कॉरीनचा फोन आला. आई कुणालाच ओळखत नाही, दिवसभर हातात काहीतरी शोधत असते. डेलबर्टनी फोन ठेवला आणि ते थेट अंड्यात शिरले. पलंगाखालचे सगळे दगड त्यांनी एकेक करून पुढे, टेबलाखाली रचले. आता तिथे कुणी जेवत नव्हतं.

मग मला मागे घ्यायला ते एकटेच बसले. आरशात बघत ते म्हणाले, "डावीकडे." आणि स्वतःच उत्तर दिलं, "कुणाचं?" जोडायला दोन तास लागले.

घाटात माझ्या पोटात आग पेटली. अर्ध्या चढावर जळक्या तेलाचा वास सुटला आणि मी कण्हायला लागलो. डेलबर्टनी मला कडेला घेतलं. दगड तिथेच टाकून दिले असते तर मी वाचलो असतो. हे त्यांना कळत होतं. ते अंड्यात गेले, बटाटा घेऊन बाहेर आले, दरीच्या काठावर उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. बटाट्याकडे पाहिलं.

मग बटाटा परत आत ठेवून आले आणि माझ्या बॉनेटवर थाप मारली. "ह्याला काही होत नाही," ते म्हणाले. आणि गिअर टाकला.

वृद्धाश्रमाच्या फाटकातून मी कसाबसा आत गेलो आणि माझे पुढचे सगळे गिअर गेले. फक्त रिव्हर्स उरला. आवारात मी आणि अंडं आडवे अडकून पडलो. तेवढ्यात कॉरीनचा हात धरून मार्लिसबाई बाहेर आल्या. त्यांनी अंडं पाहिलं, कॉरीनचा हात झटकला, सरळ मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले.

"ये, ये, ये… डावीकडे!"

डेलबर्टनी खिडकीतून मान बाहेर काढली. "कुणाचं डावं?"

"माझं!"

त्यांनी आम्हाला बरोब्बर पक्ष्यांना दाणे ठेवायच्या खांबावर नेऊन आदळलं, तो वाकलाच. मग खिडकीशी येऊन हसत म्हणाल्या, "अहो ड्रायव्हर, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही का?"

अहो ड्रायव्हर. पन्नास वर्षं त्या 'अरे डेलबर्ट' म्हणत होत्या.

"नाही कळत, बाई," डेलबर्ट म्हणाले. "सवय नाही."

अंडं कॉरीनच्या अंगणात गेलं आणि डेलबर्ट त्यात राहायला लागले. मी तीन आठवडे आवारातच कुंपणाशी उभा होतो. रोज सकाळी ते लवकर येऊन फुलांच्या वाफ्यात एक दगड ठेवायचे. नऊ वाजता मार्लिसबाईंना तो सापडायचा. "अहो ड्रायव्हर, बघा काय सापडलं!" असं म्हणत त्या तो जपून माझ्या हौद्यात ठेवायच्या. मी त्यांचा ट्रक आहे एवढंच बहुधा त्यांना आठवत असावं. दगड भोकातून खाली गवतात पडायचा. दुसऱ्या दिवशी डेलबर्ट गुडघे टेकून तो माझ्याखालून काढायचे आणि परत वाफ्यात ठेवायचे.

त्या एकवीस दिवसांत एकदाच वेगळं घडलं. वाफ्यात बटाटा होता. मार्लिसबाईंनी तो उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "अरे डेलबर्ट, बघ! जुळा सापडला!"

बाईंनी बटाटा माझ्या हौद्यात ठेवला आणि त्या चहाला गेल्या.

बटाटा मोठा होता. तो भोकातून अर्धाच गेला आणि खाली लटकवलेल्या जादा चाकावर अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भंगारात न्यायला एक तरुण ट्रक आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांना ओढलं, त्या दिवशी मला ओढलं. मागची चाकं वर, तोंड उलटं. त्यामुळे मला मागचं सगळं दिसत होतं. डेलबर्ट आले आणि मी जिथे उभा होतो तिथे गुडघे टेकून बसले. तिथलं गवत पिवळं पडलं होतं. ते दोन्ही हातांनी गवत चाचपत होते. एकदा, दोनदा, परत पहिल्यापासून. मी हॉर्न वाजवायचा प्रयत्न केला. सत्त्याण्णव सालचा हॉर्न.

फाटकाशी वळल्यावर ते दिसेनासे झाले.

आता मी इथे आहे. बॅटरी काढली, सीट काढली, दिवेही गेले. मोठं यंत्र सोमवारी येतं म्हणतात, आणि मग दाबून माझी पेटी करतात. मित्रांनो, आपल्या गाडीचं तेल वेळेवर बदला. खाणावळीतल्या म्हाताऱ्यांचं ऐकू नका. ज्याला काही होत नाही, त्याच्याकडेही अधूनमधून वाकून बघा. माझं स्वतःसाठी काही मागणं नाही, त्याची वेळ गेली.

पण सोमवारच्या आत तुमच्यापैकी कुणी इकडून गेलं, तर माझ्या जादा चाकावर हात फिरवा. बटाट्यासारखा दगड लागेल. घाटापलीकडे वृद्धाश्रम आहे, वाकड्या खांबावरून ओळखता येईल. आत गेल्यावर डावीकडे फुलांचा वाफा आहे.

मार्लिसबाईंचं डावं.